गाड्या एकमेकींशी बोलणार, पण आधी कोण बोलणार?

दर हिवाळ्यात उत्तर भारतातल्या एक्सप्रेसवेंवरून ठरावीक बातमी येते. दाट धुकं, पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला, मागची तिच्यावर आदळली, तिच्यामागची तिच्यावर, आणि बघता बघता गाड्यांची रांगच्या रांग चेपली गेली. त्यानंतरच्या चर्चेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या की असे अपघात टळतील. जगात काही देशांनी हे करून पाहिलं आहे आणि आपल्याकडेही त्याची भाषा सुरू झाली आहे.

वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून असं वाटतं, की प्रत्येक गाडीत एक डबी बसवली की काम झालं. डबी बनवणं हा या कामातला सोपा भाग आहे. शेकडो अनोळखी गाड्या एकाच जागी, एकाच लहरीवर बोलत असताना कोणी केव्हा बोलायचं, कोणाचं कोणी ऐकायचं आणि ऐकलेलं पुढे कोणी सांगायचं, हे ठरवणं अवघड आहे. हाच प्रश्न डोंगरउतारावर दरडीची चाहूल घेत बसलेल्या सेन्सरनाही पडतो, आणि त्यांचं उत्तर गाड्यांच्या बरोबर उलट निघतं. दोन्ही जाळी शेजारी ठेवून पाहिली की विषय लवकर समजतो, म्हणून हा लेख दोन्हींबद्दल आहे.

आधी दोन शब्द

प्रोटोकॉल म्हणजे बोलण्याचे नियम: संदेश कोणत्या क्रमाने लिहायचा, केव्हा पाठवायचा, पोचला नाही तर काय करायचं. टोपॉलॉजी म्हणजे जोडणीचा आकार: कोण कोणाच्या थेट संपर्कात आहे आणि कोणापर्यंत पोचायला मध्ये कोणाची मदत लागते. घरातल्या वायफायचा आकार साधा असतो. मधोमध राउटर आणि सगळे फोन त्याला जोडलेले. शेजारच्या खोलीतल्या फोनला काही पाठवायचं तरी ते राउटरमार्गेच जातं. रस्त्यावर असा राउटर नाही, आणि जोडणीचा आकार दर सेकंदाला बदलतो.

गाडी नेमकं बोलते काय?

फार थोडं. मी इथे आहे, माझा वेग एवढा, तोंड या दिशेला, ब्रेक दाबलेला आहे की नाही, माझी लांबी-रुंदी इतकी. बस्स. अमेरिकी पद्धतीत हा संदेश सेकंदाला 10 वेळा जातो. सोबत सही असते (तिच्याबद्दल पुढे), ती धरून साधारण 300 बाइट होतात. हा मजकूर कोणा एका गाडीला उद्देशून नसतो. जो टप्प्यात असेल त्याने ऐकावा. मोकळ्या रस्त्यावर हा टप्पा 300 मीटर तरी मिळतो, अनेकदा त्याहून जास्त.

सेकंदाला 10 वेळा कशासाठी? ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापते. सेकंदातून एकदाच पत्ता सांगितला तर ऐकणाऱ्याकडे असलेली माहिती 28 मीटर जुनी असू शकते. दहा वेळा सांगितला तर चूक तीन मीटरच्या आत राहते. टक्कर होणार की गाडी बाजूने निघून जाणार, हे त्या तीन मीटरांत ठरतं.

कॅमेरा आणि रडार आजही महागड्या गाड्यांत आहेतच, मग हे वेगळं कशाला, असं कोणी विचारेल. कॅमेऱ्याला दिसतं ते समोरचं. पुढच्या ट्रकच्या पलीकडे तिसऱ्या गाडीने ब्रेक मारला, तर तो दिसत नाही. रडार धुक्यातून बघू शकतं, पण ट्रकच्या आरपार बघण्यावर भरवसा ठेवता येत नाही. रेडिओ संदेश मात्र तिसऱ्या गाडीकडून थेट येतो, तोही ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडताक्षणी.

आणि फास्टॅग म्हणजे हे जाळं नव्हे. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरीही नसते. टोलनाक्यावरचं यंत्र रेडिओ लहर सोडतं, त्याच लहरीच्या ऊर्जेवर टॅग आपला क्रमांक परत पाठवतो. दोन फास्टॅग एकमेकांशी कधीही बोलू शकत नाहीत.

मोबाइलचा टॉवर आहेच की

हा आक्षेप रास्त आहे. ओला-उबरच्या गाड्या नकाशावर दिसतात त्या टॉवरमार्गेच. एसटी, स्कूलबस, टॅक्सी अशा वाहनांसाठी आलेली माग काढणारी यंत्रं आणि त्यांवरचं संकटाचं बटण हेही टॉवरच्याच भरवशावर चालतं. गाडी कुठे आहे हे डेपोत कळायला चार-पाच सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही.

ब्रेकच्या संदेशाला तेवढा वेळ नसतो. गाडीकडून टॉवर, टॉवरकडून कंपनीचं केंद्र, तिथून परत टॉवर आणि मग मागची गाडी, असा फेरा मारण्यापेक्षा पन्नास मीटरवरच्या गाडीला थेट सांगणं केव्हाही बरं. शिवाय घाटात, जंगलपट्ट्यात, बोगद्यात टॉवर मिळेलच याची खात्री नाही, आणि अपघात अशा ठिकाणीही होतात. म्हणून सुरक्षेचा संवाद थेट गाडी ते गाडी व्हावा, हे जगभर मान्य झालेलं आहे. वाहतुकीची कोंडी, पुढच्या गावातला पाऊस अशा निवांत बातम्या टॉवरने कळवाव्यात.

टोलच्या रांगेतला हिशेब

आता खरी अडचण. हिशेब सोपा आहे, करून बघू.

गाड्यांसाठी वायफायच्याच घराण्यातला एक प्रोटोकॉल 2010 साली प्रमाणित झाला. तो 5.9 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि साधारणपणे सेकंदाला 60 लाख बिट या वेगाने वापरतात. 300 बाइट म्हणजे 2,400 बिट. ते पाठवायला सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. पुढे-मागे लागणारी जुळवाजुळव धरली तर ढोबळमानाने दोन हजारावा भाग. म्हणजे एका लहरीवर, एकही क्षण वाया न घालवता, सेकंदाला 2,000 संदेश. प्रत्येक गाडीचे 10, म्हणून 200 गाड्या.

आता दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खालापूर टोलनाक्याच्या अलीकडे अडकलेली रांग डोळ्यांसमोर आणा. एका गाडीचा आवाज पुढे 300 आणि मागे 300 मीटर जातो. अडकलेल्या रांगेत एका गाडीला मोकळ्या जागेसह साडेसात मीटर धरले तर एका मार्गिकेत 80 गाड्या झाल्या. जाणाऱ्या तीन आणि येणाऱ्या तीन मार्गिका भरल्या तर 480. नाक्याजवळ मार्गिका वाढतात, ते सोडूनच द्या. जागा 200 जणांची आणि बोलणारे 480.

शिवाय हे 200 कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात संदेश एकमेकांवर आदळतात, आणि दोन संदेश आदळले की ऐकणाऱ्याला दोन्ही समजत नाहीत, नुसती खरखर उरते. गर्दी वाढेल तशी टक्कर वाढते आणि उपयोगी संदेशांची संख्या चक्क घटू लागते.

युरोपच्या नियमांनी यातून शहाणपणाची वाट काढली आहे. तिथे गाडी घड्याळ बघून बोलत नाही, बदल बघून बोलते. मागच्या संदेशानंतर जागा 4 मीटरपेक्षा जास्त सरकली, तोंड 4 अंशांपेक्षा जास्त वळलं किंवा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला, तरच नवा संदेश. काहीच बदललं नाही तरी सेकंदातून एकदा हजेरी द्यायची. रांगेत उभी असलेली गाडी अशाने आपोआप गप्प बसते. त्याखेरीज प्रत्येक गाडी हवेत किती वेळ गजबज आहे हे मोजत राहते, आणि गजबज ठरावीक पातळीच्या वर गेली की स्वतःचे संदेश कमी करते किंवा आवाज बारीक करते. आवाज बारीक केला की टप्पा लहान होतो, टप्प्यातल्या गाड्या कमी होतात, म्हणजे जोडणीचा आकारच बदलतो. प्रोटोकॉल आणि टोपॉलॉजी एकत्र हाताळाव्या लागतात त्या याचसाठी. एकाला हात लावला की दुसरी हलते.

चोपदार नसलेली दिंडी

हजारो लोकांनी शिस्तीत बोलायचं आणि गप्प बसायचं कसं, याचा उत्तम नमुना आपल्याकडे माउलींच्या पालखीत आहे. संध्याकाळी तळावर समाज आरतीला दिंड्या गोळा होतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकून घेतो, आणि मगच आरती होते. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं आहे, आणि तातडीचं बोलणं सगळ्यांच्या आधी ऐकलं जाईल याची सोय आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांना हे तिन्ही हवं असतं, पण चोपदार नाही, क्रमांक नाही आणि दिंडीतली माणसं दर सेकंदाला बदलतात. मग काय करायचं? दोन मार्ग निघाले.

पहिला मार्ग वायफायचा. बोलण्याआधी ऐका. हवा मोकळी असेल तर बोला. कोणी बोलत असेल तर थांबा, आणि तो थांबल्यावर लगेच तोंड उघडू नका, मनातल्या मनात एक आकडा निवडून तेवढं मोजा आणि मग बोला. प्रत्येकाचा आकडा वेगळा असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे टक्कर टळते. तातडीचा संदेश असेल तर लहान आकड्यांतूनच निवडायची मुभा असते. टाळ वाजवत राहिलेल्या दिंडीची सोय इथे अशी झाली.

दुसरा मार्ग मोबाइलच्या घराण्यातून आला, त्याची पहिली आवृत्ती 2017 ची. यात वेळेच्या बारीक चकत्या पाडतात. गाडी मागच्या एका सेकंदात कोणत्या चकत्या कोणी वापरल्या ते ऐकते, मोकळ्या दिसणाऱ्यांतली एक निवडते आणि पुढच्या 5 ते 15 संदेशांपुरती ती आपली म्हणून धरून ठेवते. टॉवर असेल तर तो चकत्या वाटून देतो, नसेल तर गाड्या स्वतःच निवडतात. ही पद्धत जास्त शिस्तीची आहे आणि दाट गर्दीत अनेकदा उजवी ठरते. पण तिच्यात एक खोच आहे. दोन गाड्यांनी योगायोगाने एकच चकती निवडली तर त्यांची टक्कर एकदा होऊन थांबत नाही, पुन्हा पुन्हा होत राहते. आणि दोघी एकाच क्षणी बोलत असल्यामुळे एकमेकींना ऐकूही शकत नाहीत, म्हणजे टक्कर होते आहे हे दोघींनाही कळत नाही. सेकंदाला 10 प्रमाणे 15 संदेश म्हणजे दीड सेकंद. ताशी 100 च्या वेगाने तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढे गेलेली असते.

वळणापलीकडचा शेजारी

आधी ऐका मग बोला, हा नियम एका गृहीतावर उभा आहे: मला ऐकू येतं तेच इतरांनाही ऐकू येतं. घाटात हे गृहीत कोसळतं.

बोरघाटातलं एखादं वळण घ्या. वळणाच्या खाली चढणारी बस, वर उतरणारा ट्रक, मध्ये डोंगराची कड. 5.9 गिगाहर्ट्झची लहर कातळाला वळसा घालून जात नाही, त्यामुळे बसला ट्रक ऐकू येत नाही आणि ट्रकला बस. ऐन वळणावर असलेल्या कारला मात्र दोघेही ऐकू येतात. बसने ऐकलं, हवा मोकळी वाटली, बोलली. त्याच क्षणी ट्रकनेही तसंच केलं. दोघांनी नियम पाळला, आणि कारच्या कानावर फक्त खरखर पडली. ज्या गाडीला दोन्ही संदेशांची सर्वात जास्त गरज होती, तिच्याच हाती काही लागलं नाही.

घरच्या वायफायमध्ये यावर तोड आहे. पाठवणारा आधी परवानगी मागतो, संदेश मिळाल्यावर पोच येते, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. इथे संदेश सगळ्यांसाठी आहे. शंभर जणांनी पोच द्यायची म्हटली तर पोचेनेच हवा भरून जाईल. म्हणून पोच घेतच नाहीत. त्याऐवजी पुढचा ताजा संदेश सेकंदाच्या दहाव्या भागात येतोच, आणि प्रत्येक वेळी क्षण थोडा इकडेतिकडे सरकवला तर सलग टक्कर होण्याचं टळतं. हरवलेला जुना संदेश पुन्हा पाठवण्यात अर्थही नसतो, कारण तोवर गाडी पुढे गेलेली असते.

वळणाच्या कडेला खांबावर यंत्र बसवलं, जे दोन्ही बाजूंचं ऐकून दोन्हीकडे सांगेल, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. माझ्या मते घाटरस्त्यांसाठी हा खांब गाडीतल्या डबीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि चर्चेत त्याला फारच कमी जागा मिळते.

ऐकलेलं सगळ्यांनीच पुढे सांगितलं तर?

अपघाताची खबर 300 मीटरवर थांबून भागत नाही, दोन किलोमीटर मागे पोचली तर ड्रायव्हर आधीच वेग कमी करतील. साधा उपाय सुचतो: ज्याला खबर मिळेल त्याने ती पुढे सांगावी. 1999 साली तैवानच्या संशोधकांनी या साध्या उपायाचा हिशेब मांडला आणि तो किती महाग पडतो हे दाखवलं. एका यंत्राने ऐकलेला संदेश पुन्हा सांगितला तर सरासरी 41 टक्के नवा परिसर व्यापला जातो. पण तोच संदेश तुमच्या कानावर चार वेळा येऊन गेला असेल, तर तुम्ही तो पुन्हा सांगून 5 टक्क्यांच्या आतच भर घालता. बाकी सगळा गोंगाट.

यावरचा तोडगा फार सुंदर आहे. संदेश मिळाला की प्रत्येक गाडी पाठवणाऱ्यापासूनचं आपलं अंतर बघते. जी सर्वात लांब, तिने सर्वात कमी थांबायचं. लांबच्या गाडीने पुढे सांगितलं की मधल्या सगळ्या गाड्या ते ऐकतात आणि गप्प राहतात. कोणी कोणाला नेमलं नाही, यादी केली नाही, तरी योग्य गाडी पुढे आली.

यादी करायला वेळही नसतो. समोरासमोरून ताशी 100 ने येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या टप्प्यात येऊन निघून जाईपर्यंत जेमतेम 11 सेकंद मिळतात. घरच्या वायफायला जोडताना होणारी ओळखपाळख या प्रोटोकॉलमधून म्हणूनच काढून टाकली आहे. अमुक गाडीपर्यंत संदेश जायचा मार्ग कोणत्या गाड्यांतून, असे तक्ते बनवणारे जुने प्रोटोकॉल इथे टिकत नाहीत, तक्ता पुरा होईस्तोवर मधली गाडी वळलेली असते. त्यापेक्षा ज्या दिशेला संदेश पोचवायचा त्या दिशेला सर्वात पुढे असलेल्या शेजाऱ्याकडे तो सोपवायचा, ही भूगोलावर चालणारी रीत जास्त कामाची ठरली आहे.

डोंगरावर सगळं उलटं

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी गेली, तीही रात्री, गाव झोपेत असताना. जमिनीच्या पोटात पाणी किती साठलं, उतार किती कलला, हे मोजणारे सेन्सर पुरून ठेवता येतात. केरळात मुन्नारच्या अँथोनियार कॉलनीत अमृता विश्व विद्यापीठाने असं बिनतारी जाळं उभं केलं आहे. त्यात पाऊस, मातीतल्या पाण्याचा दाब, जमिनीची हालचाल मोजली जाते, माहिती यंत्रामागून यंत्राला देत खाली येते आणि तिथून विद्यापीठाकडे जाते.

या जाळ्याला गाड्यांसारखी घाई नाही. एरवी दहा मिनिटांनी एक आकडा मिळाला तरी पुरे. शेजारी पळून जात नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच असतात. तुटवडा आहे तो विजेचा. गाडीत इंजिन आहे, डबीने किती वीज खाल्ली हे कोणी विचारत नाही. उतारावर पुरलेल्या यंत्राची बॅटरी बदलायला भर पावसात कोण जाणार?

आणि इथे नवख्याला चकवणारी गोष्ट अशी, की बोलण्याइतकीच वीज ऐकण्यात जाते. सेन्सर जाळ्यांत खूप वापरली गेलेली सीसी2420 नावाची रेडिओ चिप पूर्ण ताकदीने बोलताना साधारण 17 मिलिअँपिअर घेते आणि नुसती कान देऊन बसली तरी 19. दोन पेन्सिल सेलवर, अडीच हजार मिलिअँपिअर-तास धरले, तर सतत ऐकणारा सेन्सर साडेपाच दिवसांत संपतो. तोच शंभरातला एकच भाग जागा राहिला तर दीड वर्ष निघतं.

म्हणून सेन्सरच्या प्रोटोकॉलचं पहिलं काम झोपवणं हे आहे. पण बोलणारा जागा झाला तेव्हा ऐकणारा झोपलेला असेल तर? दोघांनी एकाच वेळी उठायचं ठरवलं, तर घड्याळं जुळायला हवीत, आणि स्वस्त घड्याळं हळूहळू सरकतात. दहा लाखांत 30 एवढी बारीक चूक असली तरी दिवसाला अडीच सेकंदांचा फरक पडतो. त्यामुळे शेजारी अधूनमधून घड्याळं जुळवून घेतात. दुसरी रीत अशी, की ऐकणाऱ्याने ठरावीक वेळाने डोळे किलकिले करून बघायचं आणि बोलणाऱ्याने तो बघेपर्यंत हाक मारत राहायचं. बोलणाऱ्याला ते महाग पडतं, पण तो दिवसातून थोडाच वेळ बोलतो.

पाऊस वाढला की मात्र वागणूक बदलावी लागते. मोजणी जास्त वेळा, झोप कमी, आणि कलाचा आकडा मर्यादा ओलांडू लागला तर वाट न बघता तो पुढे. बॅटरी चार पावसाळे पुरवायची, की चार तास गावाला आधी कळवायचं, हा निवाडा आधीच नियमांत लिहून ठेवावा लागतो. गाडीच्या नियमांना असला प्रश्न कधी पडत नाही.

पायथ्याच्या सेन्सरवर सगळा भार

आकाराचं गणितही वेगळं. उतारावर दहा सेन्सर एका ओळीत लावले आणि प्रत्येकाने खालच्याला माहिती द्यायची ठरवली, तर सर्वात वरचा स्वतःचा एक संदेश पाठवतो, आणि सर्वात खालचा दहा. खालच्याची बॅटरी आधी संपते. तो गेला की वरचे नऊ धडधाकट असूनही मुके.

2000 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी यावर पाळीपाळीने मुखत्यार नेमण्याची कल्पना मांडली. आसपासचे सेन्सर आपली माहिती एकाकडे देतात, तो ती एकत्र करून, बारीक करून पुढे पाठवतो, आणि काही वेळाने हे कष्टाचं काम दुसऱ्याकडे जातं. आज जास्त चालतो तो 2012 चा इंटरनेट प्रोटोकॉल. त्यात प्रत्येक सेन्सर पायथ्याच्या केंद्रापासून आपली पायरी कितवी हे ओळखतो, खालच्या पायरीवरच्यांपैकी एकाला पालक मानतो आणि तो गेला तर दुसरा पालक शोधतो. जाळं स्थिर असेल तेव्हा ‘मी आहे’ ही हाक देण्यामधलं अंतर दुप्पट-दुप्पट वाढवत नेतात, काही बिघडलं की पुन्हा भराभर हाका सुरू.

शेतात, नाशिकच्या द्राक्षबागेसारख्या सपाट मोकळ्या जागी, हा खटाटोप अनेकदा लागतच नाही. पान किती वेळ ओलं राहिलं, माती किती ओली, हे आकडे लांब पल्ल्याच्या कमी वेगाच्या रेडिओने थेट एका मधल्या खांबाला देता येतात. आकार सोपा, सगळ्यांचं गाठोडं एका ठिकाणी. डोंगराळ जागी तोच सोपा आकार आंधळा होतो.

कोणी खोटं बोललं तर? आणि माझा माग?

रस्त्याकडेला कोणी यंत्र घेऊन बसला आणि पुढे अपघात झाल्याची खोटी खबर देत राहिला, तर सगळा महामार्ग ठप्प होईल. म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते. मजकूर गुप्त नसतो, अनोळखी गाडीनेही तो वाचायचा असतो. पण सही मान्यताप्राप्त यंत्राचीच आहे का, हे ऐकणारी गाडी तपासते. मघाच्या 300 बाइटांतला बराच भाग या सहीने आणि तिच्या दाखल्याने (सही खरी असल्याचं प्रमाणपत्र) अडवलेला असतो. सुरक्षितता फुकट मिळत नाही, ती हवेतली जागा खाते.

सही कायम तीच राहिली तर कोणीही तुमच्या गाडीचा माग काढू शकेल. त्यासाठी दाखल्यांवर गाडीचा क्रमांक किंवा मालकाचं नाव नसतं, आणि गाडीकडे अनेक दाखले असतात, जे ती दर काही मिनिटांनी बदलते. पक्का बंदोबस्त म्हणवणार नाही, कारण चौकाचौकात यंत्रं बसवणारा चिकाटीचा माणूस वेग आणि दिशा जुळवून बरंच ओळखू शकतो. भारतात हे जाळं येईल तेव्हा दाखले कोण देणार आणि ते कोणाला उघडून पाहता येणार, हे कायद्यात स्पष्ट लिहून घ्यायला हवं.

दहांतल्या एकाच गाडीत यंत्र असेल तर

बोलायला दोघं लागतात. रस्त्यावरच्या 10 टक्के गाड्यांत यंत्र असेल तर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी दोघींकडेही ते असण्याची शक्यता 10 चे 10 टक्के, म्हणजे अवघा 1 टक्का. निम्म्या गाड्यांत बसवलं तरी चारांतल्या एकाच गाठीत उपयोग. सुरुवातीला पैसे मोजणाऱ्याला फायदा जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो मोजत नाही, म्हणून प्रमाण वाढत नाही.

अमेरिकेने या कामासाठी 1999 साली 75 मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. दोन दशकं अशा गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्यातला 45 मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापरासाठी मोकळा करायचं ठरलं. गाड्यांना 30 उरला, तोही मोबाइल घराण्याच्या पद्धतीसाठी. युरोपात आयोगाने वायफाय घराण्याला झुकतं माप देणारा नियम आणला, तो सदस्य देशांनी जुलै 2019 मध्ये नाकारला. चीनने मोबाइल घराणं निवडलं. ही दोन घराणी एकमेकांची भाषा ऐकू शकत नाहीत. एका रस्त्यावर दोन्ही आणली तर मघाचा 1 टक्का आणखी फुटतो.

आपण उशिरा येतो आहोत, याचा एक फायदा घेता येईल: पद्धत एकच निवडायची, आणि सुरुवात नव्या महागड्या कारपासून न करता एसटी, खासगी बस आणि अवजड ट्रक यांच्यापासून करायची. ही वाहनं संख्येने थोडी, पण रस्त्यावर दिवसरात्र असतात, आणि त्यांच्या ब्रेकची खबर मागच्या सगळ्यांना हवी असते. सोबत घाटातल्या वळणांवर खांब उभारले, तर यंत्र असलेली एकटी बससुद्धा पहिल्या दिवसापासून उपयोगाची ठरते, कारण तिच्याशी बोलायला खांब तरी असतो. दुचाकी हा आपल्या रस्त्यांचा सर्वात मोठा वर्ग आणि मरणाऱ्यांतही मोठा. तिच्यासाठी स्वस्त, कमी वीज खाणारी डबी लागेल. ती डबी बनवताना मुन्नारच्या उतारावरचे झोपेचे धडे गाड्यांच्या जाळ्याला घ्यावे लागतील: दुचाकी उभी असताना निजायचं आणि किल्ली फिरली की जागं व्हायचं. आणि दाट वस्तीत एका चौकात तीनशे दुचाकी थांबल्या, तर टोलच्या रांगेतला हिशेब तिथेही नव्याने मांडावा लागेल.